आप्पांच्या नावाची भांडी

ही गोष्ट २०२४ सालची, लोकसभेच्या निवडणुकीच्या वर्षातली. साल मुद्दाम सांगायचं कारण असं, की इतर कुठल्याही वर्षी हे प्रकरण दोन रिक्षा आणि एका टेम्पोत आटपलं असतं. निवडणूक होती म्हणून त्याला दोन पंच, एक कॅमेरा आणि अकरा पानांचा पंचनामा लागला.

बकुळाताई राऊत डहाणूला स्टेशनजवळच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. सोसायटीला लिफ्ट नाही. लिफ्टसाठी सोडलेली जागा आहे, तिथे चेअरमनची स्कूटर उभी असते. पोस्टाच्या काउंटरवर छत्तीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या. अर्धवट भरलेला फॉर्म त्यांनी आयुष्यात स्वीकारला नाही, आणि त्याबद्दल गावात जे बोललं जायचं ते त्यांनी कौतुक समजूनच घेतलं.

त्या मार्चमध्ये आप्पांचं वर्षश्राद्ध झालं. आप्पा म्हणजे त्यांचे वडील, दामोदर गोविंद सावे, चिखल्याचे चिकूवाडीवाले. चौऱ्याण्णव वर्षं जगले आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत झाडाखाली खुर्ची टाकून चिकू उतरवणाऱ्यांना सूचना देत होते. पानं उठल्यावर धाकटा भाऊ अमृत म्हणाला की ताई, आठवण म्हणून आप्पांचं काय हवं ते घेऊन जा. हे तो मनापासून म्हणाला, पण म्हणताना त्याची नजर माळ्यावरच्या लाकडी पेट्यांकडे होती, त्यामुळे यात माळा रिकामा होण्याची आशाही असावी.

बकुळाताईंना एकच वस्तू हवी होती. आप्पांचा फिरकीचा तांब्या. आप्पा महिन्यातून दोनदा मुंबईला दलालाकडे जात, तेव्हा तो पितळी तांब्या पिशवीत आडवा पडलेला असे. झाकण फिरवून घट्ट बसायचं, थेंब सांडत नसे. परत आले की तळाशी उरलेलं पाणी लहानग्या बकुळेला मिळे. ते कोमट असे, त्याला पितळेचा वास येई, आणि तिला वाटे मुंबईचं पाणी असंच लागतं. पुढे प्रत्यक्ष मुंबईला जाऊन नळाचं पाणी प्यायल्यावर जो अपेक्षाभंग झाला, तो अजून पुरता गेलेला नाही.

तांब्या घरात नव्हता. अमृतची बायको विनिता हिने दोन दिवस शोधला आणि तिसऱ्या दिवशी फोनवर शांतपणे सांगितलं, "ताई, आप्पा वस्तू देऊन टाकायचे आणि मग मला शोधायला लावायचे. हयात होते तोवर ठीक होतं."

यातलं देऊन टाकण्याचं खरं होतं. वाडीवर काम करणाऱ्या कुणाच्याही घरी लग्न निघालं की आप्पा एक पितळी भांडं देत. हंडा, कळशी, परात, जसं लग्न असेल तसं. आता गंमत अशी, की १९५५ साली घरात चार हंडे चोरीला गेले तेव्हा आप्पांनी डहाणूच्या बाजारातल्या भांडीवाल्याला सांगून ठेवलं होतं, की माझ्याकडे जे भांडं येईल त्यावर माझं नाव घालूनच द्यायचं. भांडीवाला शब्दाचा पक्का होता. त्याने पुढची चाळीस वर्षं आप्पांच्या प्रत्येक भांड्यावर 'दा. गो. सावे, चिखले' असं ठोकून दिलं. घरातलंही आणि आहेराचंही. बकुळाताईंच्या आईने एकदा हे लक्षात आणून दिलं होतं की लोकांना द्यायच्या भांड्यावर आपलं नाव कशाला. आप्पा म्हणाले, राहू दे, हरवलं तर परत येईल. शिवाय लग्नाकार्यात चुलतघरी, शेजारी, पार चिंचणीपर्यंत भांडी उसनी जात ती वेगळीच. परिणामी अर्ध्या तालुक्यात आप्पांच्या नावाची भांडी पसरली होती आणि त्यातलं दिलेलं कुठलं, उसनं कुठलं, हे भांड्याकडे बघून सांगता येत नव्हतं.

हे सगळं बकुळाताईंना माहीत होतं. माहीत असूनही त्यांनी तांब्याची गोष्ट खालच्या मजल्यावरच्या योगिताला सांगितली, ही त्यांची चूक. योगिता पाच व्हॉट्सॲप ग्रुपांची ॲडमिन आहे आणि स्वभावाने परोपकारी आहे. या दोन गोष्टी एका माणसात असणं बरं नव्हे. तिच्या आधी सोसायटीतल्या इतरांचे सल्ले देऊन झाले होते. चेअरमनचं म्हणणं पोलिसात कळवा. त्यांच्या मिसेसचं म्हणणं असे तांबे ऑनलाईन मिळतात, हुबेहूब जुने दिसणारे, अगदी पोचे पाडून देतात. योगिता म्हणाली, काकू, मी एक मेसेज टाकते, तुम्ही फक्त चहा ठेवा.

चहा उकळेपर्यंत मेसेज गेलासुद्धा. 'कै. दामोदर गोविंद सावे, चिखले यांचे नाव असलेले भांडे कोणाकडे असल्यास त्यांच्या कन्या बकुळाताई राऊत यांच्याकडे आणून द्यावे ही विनंती.' खाली पत्ता, फोन आणि हात जोडलेले. तांब्याचा उल्लेख राहिला होता. योगिताने सांगितलं की तसं लिहिलं तर मेसेज लांबतो आणि लोक लांब मेसेज वाचत नाहीत.

हा आखूड असल्याने सगळ्यांनी वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचणीहून लांबच्या नात्यातल्या एक वहिनी रिक्षाने परात घेऊन आल्या. तीन जिने चढल्यामुळे त्यांना आधी बोलता येईना, आणि बोलता यायला लागल्यावर त्या थांबेनात. परात बावीस वर्षं त्यांच्याकडे होती हे खरं, पण एखाद्याने प्रेमाने विचारलं असतं, असं साऱ्या गावाला कळवायची गरज नव्हती. बकुळाताईंनी तांब्याचं सांगून पाहिलं. वहिनी म्हणाल्या, आता परात आणलीच आहे तर मोजून घ्या. एक परात मोजून घेण्याचा प्रसंग बकुळाताईंवर प्रथमच आला.

दुपारी वाढवणहून एक गृहस्थ तांब्याचा बंब घेऊन आले. पाणी तापवायचा, चिमणीसकट, दोन माणसांनी उचलायचा बंब. ते रागावलेले मुळीच नव्हते, उलट आनंदात होते, कारण बंबाने त्यांची न्हाणी अडवली होती आणि बायको रोज बोलत होती. गावात होऊ घातलेल्या बंदराच्या विरोधातल्या सभेला उशीर होतोय असं सांगून त्यांनी बंब जिन्याच्या वळणावरच ठेवला आणि ते गेले. संध्याकाळपर्यंत दोन तपेली, एक घंगाळ आणि कुणाचंच नाव नसलेला एक ॲल्युमिनियमचा टोप आला. टोपवाल्याला विचारलं तर म्हणाला, असू दे, तुमच्याकडे जमा होतंय म्हणून आणला. रात्रीच्या आत चेअरमननी फळ्यावर सूचना लावली की जिन्यात वैयक्तिक सामान ठेवू नये. नाव लिहिलं नव्हतं, पण खाली कंसात 'बंब' असं होतं.

बकुळाताईंनी स्वतः खुलाशाचा मेसेज लिहिला. त्यात आप्पांचा भांडी देण्याचा रिवाज, भांडीवाल्याची हकीगत, फिरकीच्या तांब्याचं वर्णन आणि झाल्या गैरसमजाबद्दल दिलगिरी होती. योगिता म्हणाली तेच खरं ठरलं. तो कुणीही वाचला नाही.

चौथ्या दिवशी सोसायटीच्या दारात टेम्पो उभा राहिला. तलासरीकडच्या पाड्यावरून भिका आला होता. सोबत बायको बायजी आणि टेम्पो चालवायला मुलगा लडक्या. भिका तरुणपणी वीस वर्षं आप्पांच्या वाडीवर होता. बकुळाताईंच्या लग्नात मांडवाचे बांबू त्याने रोवले होते. त्याच्या पाड्यावरच्या सगळ्या घरांतली, आप्पांच्या नावाची एकूण एक भांडी टेम्पोत होती. चाळीस हंडे-कळश्या-पराती लडक्याने एकेक करून वर आणल्या आणि दिवाणखान्यात मांडल्या. दिवाणखाना भरल्यावर स्वयंपाकघरात, मग पलंगावर.

भिका बसला नाही. बकुळाताईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, समजावून सांगितलं की हे मागितलंच नव्हतं. भिकाने सगळं ऐकून घेतलं. तो साऱ्या जगाला 'तू' म्हणतो, आप्पांनाही म्हणायचा.

"त्याच्यावर शेठचं नाव हाय ना," तो म्हणाला. "तं शेठच्या घरात राहू दे. आमाला काय वाचता येत नव्हतं. आता पोरं वाचतात."

मग त्याने खांद्याच्या पिशवीतून एकेचाळिसावी वस्तू काढून कळश्यांच्या रांगेच्या शेवटी ठेवली. फिरकीचा तांब्या. झाकणासकट.

जाताना बायजी जिन्यात थांबून जे बोलली ते बकुळाताईंना पुढचे कितीतरी दिवस आठवत राहिलं. तिच्या नातीचं, हर्षदाचं, लग्न नऊ दिवसांवर होतं. हळदीचं पाणी बायजीच्या स्वतःच्या लग्नातल्या हंड्यात तापवायचं ठरलं होतं. "आता प्लास्टिकच्या ड्रममदी काढू," बायजी म्हणाली. आवाजात राग नव्हता. बाजारात भेंडी नाही मिळाली, गवार घेतली, असं सांगावं तसं सांगितलं.

बकुळाताई तांब्या मांडीवर घेऊन बसल्या. वस्तू मिळाली होती. त्यात पाणी भरून प्यावं असं मात्र वाटेना. आयुष्यभर आप्पांनी ज्या ज्या दारात काही दिलं, त्या त्या दारातून त्यांच्या लेकीने ते एका आठवड्यात परत आणवलं होतं, आणि आता आप्पांचं नाव चाळीस भांड्यांच्या रूपाने तिच्याच पलंगावर पडलं होतं. झोपायलासुद्धा जागा नव्हती.

परत द्यायचं ठरलं, पण ते कसं, यावर पुन्हा सल्ले. अमृत म्हणाला, लग्न होऊ दे, मग सावकाश बघू. अमृतचं सगळंच सावकाश असतं. विनिता म्हणाली नवीन स्टीलची घेऊन देऊ, बिननावाची. योगिताने माफीचा व्हिडिओ करण्याची तयारी दाखवली. लडक्या फोन उचलेना. नेण्यासाठी टेम्पो मिळेना, कारण सगळे प्रचारात. शेवटी लग्नाच्या दोन दिवस आधी एक मिळाला, आणि बकुळाताई चांगली साडी नेसून, ड्रायव्हरशेजारी बसून, मागे एकेचाळीस भांडी घेऊन झरीच्या रस्त्याने तलासरीला निघाल्या. पितळ दर खड्ड्याला असं वाजत होतं की वाटेतली माणसं वरात समजून बाजूला होत.

तलासरीच्या अलीकडे निवडणुकीच्या भरारी पथकाने टेम्पो थांबवला.

पथकाचे साहेब तिशीचे होते. एरवी कुठल्याशा खात्यात पिकांची पाहणी करत, निवडणुकीपुरते इथे नेमले होते. ऊन मी म्हणत होतं आणि सकाळपासून त्यांना लग्नाची मिठाई सोडून काही सापडलं नव्हतं. त्यांनी ताडपत्री वर केली. एकेचाळीस भांडी. प्रत्येकावर एकाच माणसाचं नाव. टेम्पो पाड्यांकडे निघालेला. साहेबांचा चेहरा उजळला, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांची काही चूक नव्हती.

"हे दा. गो. सावे कुठल्या पक्षाचे?" त्यांनी विचारलं.

"ते वारले," बकुळाताई म्हणाल्या.

"कधी?"

"गेल्या वर्षी."

साहेबांनी थोडा विचार केला. "मग त्यांच्या वतीने कोण उभं आहे?"

"मी उभी आहे," बकुळाताई म्हणाल्या, कारण त्यांना अजून कुणी बसायला दिलं नव्हतं. हे वाक्य कॅमेऱ्यात गेलं आणि पुढचा अर्धा तास ते मागे घेण्यात गेला.

साहेब अदबीचे होते, पण 'आजी' म्हणत होते. छत्तीस वर्षं 'मॅडम' ऐकलेल्या कानांना ते लागत होतं. आधार कार्डावर राऊत आणि भांड्यांवर सावे, तेव्हा नातं सिद्ध करायला हवं. अमृत मोटरसायकलवरून मृत्यूचा दाखला घेऊन आला. त्यावर मुलीचं नाव नसतं. लग्नाचा दाखला १९७९ साली कुणी काढत नसे. विनिताने मोबाइलवर लग्नाच्या फोटोचा फोटो पाठवला, त्यात बकुळाताईंचं तोंड मुंडावळ्यांनी झाकलेलं होतं, ओळख पटत होती ती मागे बांबूला टेकून उभ्या असलेल्या भिकाची.

चहाच्या टपरीवाला आणि एक वाटसरू असे दोन पंच बसवून पंचनामा सुरू झाला. साहेबांनी तीन भांडी लिहिली. रकाने चुकले, अनुक्रमांक दोनदा आला, 'कळशी' आणि 'हंडा' यांत फरक केला नव्हता. बकुळाताईंना ते बघवेना. त्यांनी कागद पुढे ओढला, चष्मा लावला आणि स्वतःच्या टेम्पोचा पंचनामा स्वतःच लिहायला घेतला. भांडं, धातू, खूण, नाव. एकेचाळीस वेळा त्यांनी बापाचं नाव लिहिलं. काठाला चीर गेलेली परात लिहिताना आठवलं, ही त्यांच्याच बारशाची म्हणून आई सांगायची आणि मग ती कुठे गेली ते कुणी बोलायचं नाही. लहान कळशी लिहिताना आठवलं, ही घ्यायला आप्पांबरोबर बाजारात गेलो होतो आणि भांडीवाल्याने नाव ठोकताना आपल्याला कानात बोटं घालायला लावली होती. टपरीवाला पंच म्हणाला, बाईंचं अक्षर काय आहे. साहेबांनी दोन्ही पंचांना चहा सांगितला आणि न राहवून बकुळाताईंनाही खुर्ची दिली.

पण खुर्चीवर बसून अडचण सुटली नाही. साहेबांचं म्हणणं असं, की भांडी वाटायला नेताय की परत द्यायला, हे भांडं सांगत नाही. ज्यांची आहेत त्यांनी येऊन सांगावं की ही आमची आहेत, फार वर्षांपासून आमच्याकडे होती. मग सोडतो. नाही आले तर निवडणूक होईपर्यंत जमा.

म्हणजे ज्या भिकाने ही आमची नाहीत म्हणून भांडी आणून टाकली होती, त्यानेच ही आमची आहेत म्हणून सांगायला हवं होतं. आणि त्याला ते विनवायला बकुळाताईंनीच जायला हवं होतं.

टेम्पो तर अडकलेला. अमृतच्या मोटरसायकलवर मागे बसायचा प्रयत्न साडीने हाणून पाडला. शेवटी दाटीने भरलेल्या जीपमध्ये एका बोकडाशेजारी बसून त्या पाड्यावर पोचल्या तेव्हा तीन वाजले होते. अंगणात मांडव पडत होता. भिका बाजेवर बसून दोरी वळत होता. त्याने त्यांना बघितलं आणि दोरी वळणं चालू ठेवलं.

बकुळाताईंनी सगळं सांगितलं. मेसेज योगिताने लिहिला हे सांगायचं होतं, पण ओठावर आल्यावर ते फार स्वस्त वाटलं. मेसेज मी पाठवला, त्या म्हणाल्या.

भिकाने दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं.

"भिका, आप्पा देताना काही बोलले होते का रे? परत द्या, वापरून आणून द्या, असं?"

"शेठ काय बोलेल. 'ने' बोलला." दोरीला पीळ देत तो पुढे म्हणाला, "मी वाडी सोडली ना, बोटीवर खलाशी जायला, तवा रागावला होता. चार दिवस बोलला नाय. निघालो तं तांब्या दिला. बोटीवर पाणी सांडतं, ने बोलला. तुजा बाप दोन अक्षरं बोलायचा नाय कधी, एकच बोलायचा."

बायजी आतून म्हणाली की उन्हात आलेल्या बाईला आधी पाणी तरी विचार. पाणी स्टीलच्या पेल्यात आलं. बकुळाताई एका दमात प्यायल्या.

साडेचार वाजता लडक्याच्या टेम्पोत बसून अख्खा पाडा नाक्यावर आला. साहेबांनी एकेक भांडं पुढे करून नाव वाचायला सुरुवात केली, पण नाव ऐकून कुणी हलेना. सगळ्यांवर तेच तर होतं. लोकांनी आपापली भांडी पोच्यांवरून ओळखली. हा विहिरीत पडलेला. ही सासूने आपटलेली. शुक्री नावाची एक म्हातारी डोळ्यांनी अधू होती, तिने हंड्याच्या काठावरून बोट फिरवलं आणि तो कडेवर घेतला. बायजीचा हंडा तिला मिळाला तेव्हा तिने त्यात डोकावून बघितलं, जणू मधल्या आठवड्यात आत कुणी काही ठेवलं असेल. साहेब टिक करत गेले. चाळीस संपली.

टेबलावर तांब्या उरला.

"हा कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

भिका मागे उभा होता. तो रस्त्याकडे बघत होता, आणि बराच वेळ एकही गाडी गेली नाही तरी बघत राहिला. बकुळेला काय हवं होतं ते त्याला आता ठाऊक होतं. अमृतने तो नाक्यावर आल्या आल्या सांगून टाकलं होतं. तिने नुसतं 'माझ्या वडिलांचा' म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं, आणि पाड्यावरचं कुणी हरकत घेणार नव्हतं.

"भिकाचा," बकुळाताई म्हणाल्या, आणि सहीसाठी पेन मागितलं.

भिकाने तांब्या उचलला, झाकण घट्ट आहे का बघितलं, पिशवीत टाकला. "परवा ये," तो म्हणाला. "हळदीला नको, तिथं लय गर्दी. लग्नाला ये." आणि टेम्पोत जाऊन बसला.

या गोष्टीला आता बराच काळ झाला. हर्षदा वापीला एका दवाखान्यात नर्स आहे. तिच्या एका खोलीच्या घरात आजीचा हंडा मावत नाही, तरी तिने तो नेला आणि त्यात पीठ ठेवते. बायजी गेल्या हिवाळ्यात वारली. भिका अजून आहे, त्याला ऐकू कमी येतं, त्यामुळे तो आता आणखी कमी बोलतो. लडक्याने नवा टेम्पो घेतला. चिंचणीच्या वहिनींना परात परत गेली. त्यांनी ती मोजून घेतली. वाढवणच्या गृहस्थांनी बंब परत न्यायला साफ नकार दिला. तो जिन्याच्या वळणावरच आहे. चेअरमनच्या मिसेसनी त्यात कोरफड लावली आणि सूचनेचा कागद आपोआप गळून पडला. योगिता तीनच ग्रुपांची ॲडमिन उरली आहे. अमृत माळा रिकामा करणार आहे, सावकाश. विनिता हल्ली कुणाला आहेर द्यायचा झाला तर पाकीट देते. साहेब आपल्या पिकांकडे परत गेले. त्यांचा मध्ये एकदा फोन आला होता, एका फॉर्मच्या रकान्याबद्दल विचारायला, आणि ते 'मॅडम' म्हणाले.

बकुळाताईंचे गुडघे त्या दिवसापासून जे धरले ते धरलेच. आप्पांचं म्हणून त्यांच्याकडे काहीही नाही. कुणी विचारलंच तर कपाटातून पंचनाम्याची प्रत काढतात. अकरा पानं, त्यांच्याच अक्षरात. शेवटच्या पानावर छापील रकाने होते आणि कोरा रकाना सोडणं त्यांच्या स्वभावात नाही, म्हणून तेही त्यांनीच भरलेत. उमेदवाराचे नाव: निरंक. पक्ष: निरंक. वाटप करणाऱ्याचे नाव: दामोदर गोविंद सावे. वाटपाचा हेतू: निरंक.